रेल्वे वजनकाटा

रेल्वे वजनकाटा : मालवाहू वाघिणीचे ती रुळांवर उभी असताना किंवा संथपणे जात असताना वजन करता यावे म्हणून लोहमार्गाच्या ठरावीक लांबीखाली बसविलेला तरफांचा अथवा इलेक्ट्रॉनीय काटा. कोळसा, धान्य, खनिजे, इमारती लाकूड यांसारखा सुटा माल पोत्यापेटीगणिक मोजणे शक्य नसते. तो वाघिणीसकटच तोलावा लागतो. अशा काट्यांचा सर्वांत विस्तृत वापर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे मालभाड्याचे दर बहुधा दर शंभर पौंडांस (सु. ४५ किग्रॅ.) इतके सेंट असे ठरविलेले असत. काट्यावर पडलेल्या आकड्यावर रेल्वे कंपनीचे उत्पन्न, व्यापाऱ्याचा खर्च आणि खाणींच्या मुलखात तर खाणकामगाराची मजुरीही अवलंबून असे. यामुळे रेल्वे वजनकाट्याचा इतिहास हा तरफांच्या सुधारणेचा जितका आहे, तितकाच कोणाच्या आकड्यावर विश्वास ठेवावयाचा, या प्रश्नाचा आहे.

उगम : जड गाडी एका मंचावर उभी करून मंचाखालील संयुक्त तरफांच्या साहाय्याने तोलण्याची युक्ती इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन वायट यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आणली. तत्पूर्वी गाडी साखळदंडांनी उचलून मोठ्या दांडीच्या काट्यास टांगावी लागे. अमेरिकेत या प्रकारच्या काट्यास व्यापारी रूप दिले ते थॅडिअस फेअरबँक्स यांनी. व्हर्मॉंट राज्यातील सेंट जॉन्सबरी येथे अंबाडीच्या जातीचा ताग साफ करण्याच्या धंद्यात ते गुंतले होते. शेतकऱ्यांनी गाड्यांतून आणलेला ताग तोलण्याची टांगत्या काट्याची रीत त्यांना फारच त्रासदायक वाटली. जमिनीत खड्डा घेऊन, त्यात तरफा बसवून, त्यांवर जमिनीच्या पातळीत मंच ठेवण्याची रचना त्यांनी केली आणि १८३१ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. तागाचा धंदा मागे पडला, पण काट्यांचा कारखाना जगभर नावाजला. बैलगाडीसाठी केलेल्या या मंचावर रूळ टाकले, तरफा जाड केल्या व त्यांच्या जोड्या वाढविल्या की, रेल्वेचा काटा तयार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील यार्डांत, खाणींवर आणि धान्यकोठारांजवळ असे काटे सर्रास दिसू लागले.

रचना : काट्याचा मुख्य भाग जमिनीखाली असतो. दगडी किंवा काँक्रीटच्या खड्ड्यात मुख्य तरफांच्या तीन, चार किंवा अधिक जोड्या एकापुढे एक बसविलेल्या असतात. वाघिणीचा भार रुळांकडून तुळयांवर व तुळयांकडून या तरफांवर येतो. तेथून लांबीच्या दिशेने ठेवलेल्या दुसऱ्या तरफा तो खड्ड्याच्या मध्याशी आणतात आणि एक आडवी तरफ बाजूच्या काटाघरातील दांडीपर्यंत पोहोचविते. प्रत्येक टप्प्यावर भार काही पटींनी कमी होतो. उदा., एकूण प्रमाण ८०० असल्यास १,६०,००० पौंडांची भरलेली वाघीण दांडीच्या टोकाशी केवळ २०० पौंडांइतका ओढा देते व सरकत्या वजनाच्या साहाय्याने तो तोलता येतो. तरफांचे टेकू म्हणजे कठीण पोलादाच्या धारा असून त्या तितक्याच कठीण पोलादी बैठकींवर टेकतात. सर्व अचूकता या धारांच्या तीक्ष्णतेवर अवलंबून असते. धार बोथट झाली की तरफेच्या दोन भुजांचे प्रमाण किंचित बदलते आणि तेवढीच चूक शेकडो पटींनी वाढून दांडीवर येते. खड्ड्यात पाणी साचणे, कोळशाची भुकटी पडणे, हिवाळ्यात बर्फ धरणे ही दुखणी नित्याची होती.

अमेरिकन काट्याचे एक वैशिष्ट्य म्हणजे त्यावरील चार रूळ. काट्यावर भार टाकणारे दोन रूळ व त्यांच्या शेजारी थोडे सरकवून, खड्ड्याच्या भिंतींवर वेगळे आधारलेले दुसरे दोन रूळ, अशी ही दुहेरी वाट असे. अमेरिकन रेल्वे कामगार पहिल्यांना जिवंत रूळ व दुसऱ्यांना मृत रूळ म्हणत. दोन्ही टोकांना सांधे असत. एंजिन आणि ज्यांचे वजन करावयाचे नाही अशा वाघिणी मृत रुळांवरून जात. एंजिनाचा प्रचंड भार आणि विशेषतः ते चालू होताना किंवा थांबताना बसणारा हिसका यांमुळे धारांची हानी होते, म्हणून ही काळजी घेत. वजन करताना वाघीण जिवंत रुळांवर आणून तिच्या दोन्ही बाजूंच्या जोडण्या सोडवीत, कारण शेजारची वाघीण जोडणीतून थोडी जरी उचलली किंवा दाबली गेली, तरी आकडा बिघडतो. काटाघरातील मापाडी सरकते वजन हलवून दांडी समतोल करी. दांडीवरील कोरलेल्या अंकांचा ठसा थेट पत्रिकेवर उमटविण्याची सोय पुढे आली, तेव्हा आकडा वाचण्यातील चूक व तो मुद्दाम चुकीचा लिहिण्याची संधी अशा दोन्ही गोष्टी कमी झाल्या.

वाघिणीचा धडा : दुकानदार तेल तोलताना भांड्याचा धडा करून घेतो, तसाच वाघिणीचाही धडा करावा लागतो. भरलेल्या वाघिणीच्या एकूण वजनातून रिकाम्या वाघिणीचे वजन वजा केल्यावर मालाचे निव्वळ वजन मिळते. परंतु दर वेळी वाघीण आधी रिकामी व मग भरलेली तोलणे म्हणजे यार्डातील काम दुप्पट करणे होय. म्हणून रिकामे वजन एकदा ठरवून ते वाघिणीच्या बाजूवर रंगाने लिहून ठेवण्याची पद्धत पडली आणि हा रंगविलेला आकडाच वजाबाकीस घेतला जाई.

सर्व व्यवहारातील दुबळी जागा हीच होती. जुन्या वाघिणींचा सांगाडा व कोठी मुख्यतः लाकडाची असे. लाकूड पावसात पाणी पिते व उन्हात वाळते, त्यामुळे नवी वाघीण काही काळाने हलकी होई, तर भिजलेली वाघीण लिहिलेल्या आकड्यापेक्षा जड भरे. दुरुस्तीत फळ्या व चाके बदलत. तळाशी आधीच्या मालाचा गाळ राही, छतावर बर्फ साठे. धान्य सांडू नये म्हणून दारांना आतून ठोकलेल्या फळ्यांचे वजनही कोठे तरी धरावे लागे. उदाहरणादाखल, एकूण वजन १,४०,००० पौंड व रंगविलेले रिकामे वजन ४०,००० पौंड असेल आणि काट्याची चूक हजारी दोन पौंडांच्या आत असेल, तर काट्यामुळे येणारी चूक २८० पौंडांपेक्षा अधिक नसते. मात्र रिकाम्या वजनात शेकडा दोनच फरक पडला असेल, तरी ती चूक ८०० पौंडांची होते. म्हणजे उत्तम काटा असूनही, वाघिणीवरचा जुना रंग ग्राहकाला अधिक फसवू शकत असे. याकरिता वाघिणी ठरावीक मुदतीने रिकाम्या करून पुन्हा तोलण्याचे आणि नव्या वजनाशेजारी ते ज्या ठिकाणी केले त्याचे संक्षिप्त चिन्ह व महिना-वर्ष रंगविण्याचे नियम झाले. पोलादी वाघिणी आल्यावर हा दोष पुष्कळच कमी झाला, पण नाहीसा झाला नाही.

खोटे वजन : ‘मापात पाप’ ही म्हण अमेरिकन रेल्वेच्या इतिहासास चपखल लागू पडते, पण येथे पाप दोन्ही दिशांनी होई. जादा वजन लावून लहान व्यापाऱ्याकडून अधिक भाडे घेणे हा एक प्रकार. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म होता. जाहीर दरात सवलत देण्यास बंदी आली, तेव्हा बड्या गिऱ्हाइकाचा माल कमी वजनाचा दाखवून तीच सवलत गुपचूप देता येई. कागदोपत्री दर सर्वांना एकच राही आणि काटा मात्र एकाला हलका व दुसऱ्याला जड होई. आंतरराज्य व्यापार आयोग १८८७ च्या कायद्याने स्थापन झाला. १८८९ च्या दुरुस्तीने खोटे वजन, खोटे वर्गीकरण आणि खोटी बिले यांच्या आधारे कमी भाड्यात माल नेणे वा नेऊ देणे हा गुन्हा ठरला. एल्किन्स कायदा (१९०३) गुप्त सवलतींविरुद्ध अधिक कडक होता. रेल्वे कंपन्यांनीही संयुक्त वजन व तपासणी कचेऱ्या काढल्या, कारण एका कंपनीने वजनात केलेल्या औदार्याचा फटका त्याच मार्गावरील दुसऱ्या कंपनीस बसे. तथापि या कचेऱ्या रेल्वे कंपन्यांच्याच असल्यामुळे व्यापाऱ्यांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसणे कठीण होते.

खाणींमध्ये प्रश्न अधिक तीव्र होता. कोळसा कापणाऱ्यास मजुरी टनावर मिळे आणि तोलणारा मापाडी मालकाचा नोकर असे. कित्येक खाणींत कोळसा आधी चाळणीवरून सोडीत आणि वर राहिलेल्या ढेकळांचेच वजन मजुरीसाठी धरीत. खाली पडलेली बारीक भुकटी मालक विके, मात्र ती कापल्याबद्दल मजुरास काही मिळत नसे. म्हणून कामगारांनी स्वतःच्या पैशाने आपला तपासनीस मापाडी काट्यापाशी ठेवण्याचा हक्क मागितला. १८९० मध्ये स्थापन झालेल्या खाणकामगारांच्या संयुक्त संघटनेच्या मागण्यांत ही एक प्रमुख मागणी होती आणि अनेक राज्यांनी तसे कायदे केले. आर्‌कॅन्सॉ राज्याने कोळसा चाळण्यापूर्वी तोलण्याची सक्ती केली होती. ती मालकाच्या करारस्वातंत्र्याचा भंग करते, असा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १९०९ मध्ये मॅक्लीन विरुद्ध आर्‌कॅन्सॉ या खटल्यात तो फेटाळून लावला. फिलिप मरी या पुढे थोर कामगार पुढारी म्हणून गाजलेल्या व्यक्तीच्या आयुष्यास वळण मिळाले तेही काट्यापाशीच. पेनसिल्व्हेनियातील एका खाणीत १९०४ मध्ये आपला कोळसा कमी तोलला जातो म्हणून त्यांची मापाड्याशी मारामारी झाली व त्यांना कामावरून काढण्यात आले. सु. ६०० कामगारांनी त्यांच्यासाठी संप केला. संप फसला, परंतु अठरा वर्षांच्या त्या तरुणाने कामगार चळवळ हेच आपले कार्य ठरविले.

तपासणी व प्रमाणीकरण : आंतरराज्य व्यापार आयोगाने वजनांतील अनियमिततेची देशव्यापी चौकशी केली व १९१३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काट्यांची निगा, रिकाम्या वजनांचे आकडे आणि तोलण्याच्या पद्धती या तिन्ही बाबतींत गंभीर दोष आढळले. रेल्वे कंपनीचा काटा कंपनीनेच तपासावा, हा या व्यवस्थेतील मूळ दोष होता. त्याच वर्षी काँग्रेसने राष्ट्रीय मानक संस्थेस (स्थापना १९०१) या कामासाठी निधी दिला. संस्थेने प्रचंड प्रमाणित वजने, ती उचलण्याची यारी व काट्यावर वजने फिरविण्याची छोटी गाडी यांनी सज्ज असा खास डबा तयार केला आणि तो देशभर एका काट्यावरून दुसऱ्या काट्याकडे हिंडू लागला. त्यामागील कल्पना साधी होती. काट्याबद्दल भांडणाऱ्या दोन्ही पक्षांपैकी कोणाचेही नसलेले वजन त्यावर ठेवावयाचे व काटा काय सांगतो ते पहावयाचे. मर्यादेबाहेर चुकणाऱ्या काट्यांची संख्या सुरुवातीस बरीच मोठी निघाली. वापरातील काट्यास हजारी दोन पौंडांपर्यंतची चूक क्षम्य मानण्यात आली. नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या काट्यास याच्या निम्मीच सवलत असे.

संपूर्ण देशाचे काटे एका संस्थेच्या डब्याने तपासणे अशक्य होते. रेल्वे कंपन्यांची स्वतःची चाचणी-वाहने होती, ती अचूक आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी संस्थेने शिकागोच्या नैर्ऋत्येस क्लिअरिंग येथे एक मुख्य काटा उभारला. कंपनीचे चाचणी-वाहन क्लिअरिंगच्या काट्यावर, तो काटा संस्थेच्या प्रमाणित वजनांवर आणि कंपनीचे सर्व काटे त्या चाचणी-वाहनावर, अशी ही साखळी होती. कान्सासमधील धान्य व्यापाऱ्याचा आकडा तिच्यामुळे वॉशिंग्टनमधील एका धातूच्या ठोकळ्यापर्यंत मागे नेता येई.

चाचणी-वाहन हे रेल्वेवरील एक चमत्कारिक वाहन आहे. ते आखूड, ओबडधोबड व सर्वस्वी धातूचे असते. पाणी शोषेल असे लाकूड व धूळ साठेल अशी खोबण त्यात शक्यतो ठेवीत नाहीत. ८०,००० पौंडांची (सु. ३६ टन) चाचणी-वाहने पुष्कळ वापरात होती. चाके जवळजवळ असल्यामुळे हा सर्व भार काट्याच्या एका वेळी एकाच भागावर टाकता येतो. वाहन एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर सरकवीत नेले की, कोणत्या तरफेत दोष आहे ते उघड होते. एकूण वजन बरोबर दिसत असूनही एका टोकाची जादा चूक दुसऱ्या टोकाच्या उण्या चुकीने झाकली गेलेली असू शकते. आखूड वाहनाने ती लपत नाही. गोदीपर्यंत किंवा खाणीपर्यंत जाताना हे वाहन गाडीच्या अगदी मागे, गार्डच्या डब्यापाशी जोडीत व त्यास धक्के बसू देत नसत.

चालत्या वाघिणीचे वजन : हंप यार्डात वाघिणी उंचवट्यावरून एकेक सोडून देतात व त्या उतारावरून आपापल्या मार्गावर जातात. उतारावरच काटा बसविल्यास वाघीण थांबविण्याचे कारण राहत नाही. मात्र ती संपूर्णपणे जिवंत रुळांवर असण्याचे मोजके क्षण एवढाच अवधी मापाड्यास मिळे. त्यासाठी शीघ्र स्थिरावणारे स्वयंचलित काटे लागले. धारांऐवजी लवचिक पोलादी पट्ट्यांचे टेकू वापरण्याची ॲल्बर्ट एमरी यांची कल्पना अशा ठिकाणी उपयुक्त ठरली, कारण पट्टी बोथट होत नाही. खरे स्थित्यंतर विकृतिमापकाने घडविले. एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी १९३८ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधलेल्या या साधनात, भाराखाली दबणाऱ्या धातूस चिकटविलेल्या बारीक तारेचा विद्युत् रोध बदलतो व त्यावरून भार समजतो. खड्ड्यातील तरफांचे जाळे त्यामुळे अनावश्यक झाले. पुढे एकमेकींना जोडलेल्या वाघिणींची सबंध गाडी हळू वेगाने नेऊन तोलणेही शक्य झाले. जोडण्यांतील ताणामुळे एखाद्या वाघिणीचा आकडा थोडा चुकतो, पण शेजारच्या वाघिणीत उलट चूक येत असल्यामुळे कोळशाच्या सलग गाडीची बेरीज विश्वसनीय राहते.

स्टॅगर्स कायद्याने (१९८०) रेल्वे कंपन्यांना गिऱ्हाइकाशी खाजगी करार करण्याची मोकळीक मिळाली. दर वाघिणीमागे किंवा दर गाडीमागे भाडे ठरू लागले आणि भाड्यासाठी प्रत्येक वाघीण तोलण्याची गरज ओसरली. अनेक यार्डांतील काटे काढून टाकण्यात आले. धान्य व कोळसा चढविण्याच्या ठिकाणचे काटे टिकले, कारण मालाची किंमत अद्याप वजनावरच ठरते. अतिभाराची धास्तीही आहेच. चार आसांच्या वाघिणीचे रुळांवरील कमाल एकूण वजन १९६० नंतरच्या काळात सामान्यतः २,६३,००० पौंड असे, ते १९९० नंतरच्या दशकात अनेक मार्गांवर २,८६,००० पौंडांपर्यंत (सु. १३० टन) वाढविण्यात आले. राष्ट्रीय मानक संस्थेचे नाव १९८८ मध्ये बदलले. क्लिअरिंग येथील मुख्य काट्याचे व काटे तपासण्याचे काम कृषी खात्याच्या धान्य तपासणी सेवेकडे आले.

भारतात वाघिणीवर रिकामे वजन व वहनक्षमता रंगविण्याची प्रथा असून चालत्या गाडीचे वजन करणारे इलेक्ट्रॉनीय काटे वापरात आहेत. १९८९ च्या रेल्वे अधिनियमान्वये क्षमतेपेक्षा अधिक भरलेल्या वाघिणीबद्दल दंडात्मक आकार घेता येतो. म्हणजे येथे काट्याचा रोख अतिभाराकडे अधिक आहे.

प्रतिकृतींतील काटा : प्रत्यक्षातील यार्डांतून काटे नाहीसे होत असताना छंद म्हणून लहान रेल्वे उभारणाऱ्यांच्या मांडणीत मात्र त्यांना महत्त्व आले. अमेरिकेत अशा छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये मिलवॉकी येथे स्थापन झाली. १ : ८७.१ हे तेथील सर्वाधिक प्रचलित प्रमाण आहे. या प्रमाणात काटाघर म्हणजे काडेपेटीएवढी खोली व तिच्यापुढे चार रुळांची दुहेरी वाट. दोन्ही वाटांचे अंतर रूळमापापेक्षा कमी असल्याने रूळ एकमेकांना छेदत नाहीत. त्यामुळे क्रॉसिंग करावे लागत नाही आणि शेजारच्या जोडरुळांची विद्युत् ध्रुवता एकच असल्याने मंडलसंक्षेपही होत नाही. अडचण येते ती चाकांची. प्रतिकृतीतील चाकांच्या कडा प्रमाणापेक्षा जाड असतात व शेजारच्या दोन रुळांमधील फटीत अडकतात. यासाठी बरेच जण फट वाढवितात, तर काही जण मृत रूळ केवळ देखाव्यापुरते बसवितात.

अशा मांडणीवर गाड्या कागदोपत्री हुकमानुसार चालवितात. प्रत्येक वाघिणीची एक पत्रिका असून तीत ‘वजन करणे’ असा शेरा असल्यास ती वाघीण आधी काट्यावर न्यावी लागते, तेथे सुटी करून क्षणभर उभी करावी लागते व मगच पुढच्या गाडीत जोडता येते. एंजिन जिवंत रुळांवर नेणे निषिद्धच असते. वजनाचा आकडा पत्रिकेवर आधीच लिहिलेला असतो किंवा तक्त्यावरून काढतात. या छोट्या वाघिणीला खरे वजनही असते आणि त्याचा हिशेब मनोरंजक आहे. ती रुळांवरून घसरू नये म्हणून उपर्युक्त संघटनेने या प्रमाणासाठी एक औंस व शिवाय लांबीच्या दर इंचास अर्धा औंस असे वजन सुचविले आहे. ४० फुटी बंद वाघिणीची प्रतिकृती साडेपाच इंच भरते, म्हणून तिचे वजन सु. १०६ ग्रॅ. हवे. मूळ वाघिणीचे भरलेले कमाल वजन १,६९,००० पौंड. त्यास ८७.१ च्या घनाने भागल्यास सु. ११६ ग्रॅ. येतात. म्हणजे चालविण्याच्या सोयीसाठी सुचविलेले हे वजन भरलेल्या वाघिणीच्या वजनाजवळ पोहोचते. रिकाम्या वाघिणीस याच हिशेबाने तीस ग्रॅमच्या आसपास वजन पुरले असते, पण तेवढ्या वजनात ती वळणावर टिकत नाही.

काटेकोर छांदिष्ट वाघिणीवरील रिकामे वजन, फेरवजनाचे ठिकाण व तारीखही रंगवितो. मुळात तीन इंच उंचीचे अक्षर या प्रमाणात ०.८७ मिमी. होते, ते वाचण्यास भिंग लागते. तरीही मांडणी १९५० सालातील असेल आणि एखाद्या वाघिणीवर १९५५ मधील फेरवजनाची तारीख आढळली, तर ती वाघीण मांडणीवरून काढून ठेवतात.